तेलाचे पंजे आणि सार्जंटचा चुना

तिसरीच्या मुलांना ज्यानं पाढे शिकवले, त्याला जगात काय अवघड आहे? म्हणून मी घरात छाती फुगवून जाहीर केलं, “हवाई तळावरचा जुना हँगर मी वाचवणार!”

“आधी तुमची स्कूटर वाचवा,” बायको म्हणाली. “नाहीतर द्या एकदाची संग्रहालयात!”

विमानं ठेवायच्या त्या हँगरची एक भिंत म्हणजे सोनं! पूर्वी पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून आलेला वैमानिक इंजिनच्या काळ्या तेलात हात बुडवून तिच्यावर पंजा उमटवायचा. पण आता नवी शेड बांधायची म्हणून दारात बुलडोझर येऊन बसला होता. जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याच्या बाईंनी भिंत पाहून होकार दिला, तरच तो परत जाणार होता.

आदल्या दिवशी मी तळावरच्या मिशाळ सार्जंटना बजावलं, “उद्या मोठ्या बाई तपासणीला येताहेत. भिंत नीट दिसायला हवी!”

“गुरुजी, निर्धास्त राहा!”

मी निर्धास्त झालो. स्कूटर नेहमीसारखी रुसली, म्हणून तिला त्याच भिंतीला टेकवून पायी घरी आलो. तपासणी म्हटलं की या सार्जंटचा हात आपोआप चुन्याच्या बादलीत जातो, हे मला काय ठाऊक!

सकाळी तिसरीची सगळी पोरं बरोबर घेऊन तळावर पोचलो आणि पाहतो तर काय! भिंत दुधानं न्हायलेली! झाडं कमरेपर्यंत पांढरी, दगड पांढरे, माझी स्कूटर सीटपर्यंत पांढरी!

“सार्जंटसाहेब, पंजे कुठायत?”

“ते काळे डाग? दोन हात मारले, तेव्हा कुठे झाकले!”

तेवढ्यात बाई आल्या. “हीच का ती ऐतिहासिक भिंत? हिचा तर चुनासुद्धा वाळला नाही!”

बुलडोझरवाल्यानं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात आमच्या वर्गातली बडबडी पोरगी पुढं आली.

“गुरुजी, तेलावर पाणी धरत नाही ना? मग चुना कसा धरेल?”

तिनं ओला रुमाल फिरवला. चुना ओघळला आणि खालून काळाकुळकुळीत पंजा निघाला! मग काय, पोरांची सगळी पलटण तुटून पडली.

“हळू! घाई नको! भिंत आहे, पाटी नव्हे!” मी ओरडत राहिलो. बघता बघता सगळे पंजे बाहेर आले. चुना आता फक्त पोरांच्या नाकांवर उरला होता.

बाई हसत सुटल्या. “हँगर जपायचा! सार्जंट, आजपासून इथली एकही वस्तू हलवायची नाही. आहे तसं राहू द्या!”

बुलडोझर गेला. मी विजयी मुद्रेनं स्कूटरकडे वळलो, तर तिच्याभोवती दोरी! आत सार्जंट ताठ उभे.

“अहो, ती माझी आहे!”

“असेल गुरुजी. पण बाईंचा हुकूम आहे. एकही वस्तू नाही!”

घामाघूम होऊन पायी घरी आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली,

“चला, एक वस्तू मार्गी लागली. आता तुमच्यासाठी बाईंना कधी बोलवायचं?”