रतननाना आणि जगाचे बांध

आमच्या म्हसावदात रतननानाला टपरीवर कुणी नुसतं "बरं आहे ना?" विचारायची सोय नाही. हा गडी थेट सिक्कीमला जातो. "बरं कसं राही? सिक्कीम आपलामा उनं, पाकिस्तानना दोन तुकडा व्हयनात, निजरकडला गावं गुजरातमा गयात. जग बठं बांध कोरी ऱ्हायनं!" म्हणजे सगळं जग एकमेकांचे बांध कोरतंय.

ऐकणाऱ्यानं अर्धा चहा टाकून पळावं. नाना तोच चहा बाकावर सांडणार आणि त्यात बोट बुडवून फाळणी करणार. रेघ वाळली की पुन्हा सांडणार, तोवर लाहोरवर माशी बसलेली. "देशनी हद्द म्हन्जे काय रे? जो जागा ऱ्हायना, त्यानी!" जागा राहील त्याची हद्द, म्हणे. अक्कल नानाची, चहा आमचा.

आणि जगाला नावं ठेवणारा हा शहाणा स्वतः काय करायचा? थोरल्या भावाच्या, उत्तमआबांच्या शेताचा बांध दर उन्हाळ्यात फावड्यानं कोरायचा! तोही चोरून नाही. भर दुपारी, आबा समोर निंबाखाली बसलेले असताना. मग आबा तावातावानं यायचे आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. सख्ख्या भावांच्या पिढ्या एकच, हे दोघांच्याही टाळक्यात शिरायचं नाही. वाटणी झाल्यापासून त्यांच्यात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. इतका कोडगा माणूस मी तरी पाहिला नाही.

औंदा आबांना मुलानं कायमचं सुरतेला नेलं आणि त्यांचं शेत मी बटाईनं घेतलं. उन्हाळा लागताच नाना फावडं घेऊन हजर. मी पपईला पाणी देत होतो. पाहून न पाहिल्यासारखं केलं. वीतभर मातीपायी या म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

नाना खवळला. "डोया फुटनात का तुन्हा? मी बांध कोरी ऱ्हायनू!"

"कोरा ना, नाना."

"कोरा काय? आबाले फोन लाव! चुगली कर मन्ही!"

अजब मागणी! पण लावला, स्पीकरवर. आबांचा आवाज पार खोल गेलेला. सगळं ऐकून म्हणाले, "कोरू दे भो त्याले. मी आते तठे काय येसू?"

नानानं फोन हिसकावून कानाला लावला. "आसं कसं, आबा? आसं नको ना करू..." त्यानं फावडं बांधावर टाकलं. "एक शिवी तं दे, भाऊ. एकच दे."

माझ्या हातातून जाण्याआधीच आबांनी फोन ठेवला होता. मी नानाला ते सांगितलं नाही.