आप्पांच्या इंजिनातली टकटक

आमच्या शेजारचे आप्पा कुणाला रामराम घालत नाहीत. माणूस समोर दिसला की हात वर करतात आणि म्हणतात, "ऐका." मग त्याला दंडाला धरून अंगणातल्या पांढऱ्या गाडीपाशी नेतात, गाडी चालू करतात, बॉनेट उघडतात आणि स्वतः मान तिरकी करून, डोळे मिटून उभे राहतात.

"येतोय का आवाज? टक, टक, टक. मधीच एक टक खाती. आली का ध्यानात?"

न्हावऱ्यात आमच्या वस्तीवर ती टकटक न ऐकलेला माणूस आता शोधून सापडायचा नाही. गाईला इंजेक्शन द्यायला येणारा डॉक्टर, मीटरचं रीडिंग घेणारा, भंगारवाला, सगळ्यांनी त्या बॉनेटात कान घातलाय. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला पाहुणे आले. आप्पांनी त्यांना सरळ बॉनेटपुढं उभं केलं. त्यांना वाटलं गाडी नवी घेतलीय, म्हणून त्यांनी इंजिनाला हळदीकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि पेढे मागितले.

"काहीच येत नाही" म्हणणाऱ्याला आप्पांच्या घरी चहा मिळत नाही. "येतोय थोडा" म्हणणाऱ्याला मिळतो. आणि जो कपाळाला आठ्या घालून "आप्पा, हे आतलं दुखणं दिसतंय" म्हणतो, त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. वस्तीवरच्या बऱ्याच माणसांना आता इंजिनातलं कळतं, ते असं.

आप्पांचा दुसरा शब्द वारंटी. रोपवाटिकेत वांग्याची रोपं घेताना, "वारंटी किती?" कलिंगड घेताना, "फोडल्यावर पांढरं निघालं तर? वारंटी?" संक्रांतीला कासारीण आली, तिच्यापुढंही उकिडवे बसले. "काकणाला वारंटी हाय का न्हाई?"

ती म्हणाली, "बाईच्या हातात हाय तवर हाय. तुमच्या हातात न्हाई."

आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे माई म्हणतो. माई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कासारणीला त्यांच्या हातात बांगड्या चढवता येईनात.

गाडी घेतली ती माईंसाठीच. माईंचं माहेर वरवंडचं. आईवडील गेले, पण थोरली बहीण, आक्का, तिथंच दिलेली. आक्कांच्या पायानं आता उंबरा ओलांडवत नाही, आणि माईंना एसटी लागते. चौफुल्याला पोचेपर्यंत त्या अर्ध्या होतात. म्हणून आप्पांनी मनावर घेतलं. "तुला आक्काच्या दारात उतरवतो. पायाला धूळ लागली तर नाव सांग."

पण गाडी घेतली कधी, तर पितरपाटात. पितृपंधरवड्यात कुणी नवी वस्तू घेत नाही, म्हणून शिरूरच्या शोरूममध्ये तेव्हा सवलत होती. आप्पांना सवलत सोडवेना आणि पितरपाटात गाडी दारात आणवेना. त्यांनी तोड काढली. पावती पितरपाटात फाडली आणि गाडी तिथंच ठेवली. दसऱ्याला हार, नारळ, लिंबू, पेढे घेऊन गेले आणि वाजतगाजत आणली. कसा डाव टाकला, म्हणून त्या वर्षी ते सगळ्या वस्तीला सांगत फिरले.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात टकटक सुरू झाली. आप्पा शोरूमला गेले. पण तापलेलं पोर डॉक्टरला बघून गार पडतं, तसं त्या गाडीचं झालं. शोरूमच्या दारात शिरली की आवाज बंद. तिथला टायवाला साहेब म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे. चालवत राहा, मोकळी होईल." न्हावऱ्याच्या फाट्यावर आले की पुन्हा टक, टक, टक.

"तिला माणसं कळत्यात," आप्पा म्हणायचे. "साहेबापुढं कशी गप, आन् माझ्यापुढं बघा."

मग भाद्रपदात ती ऑईल प्यायला लागली. मागून निळा धूर. आप्पांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात धरलं नाही. ते डबा ओतायचे आणि म्हणायचे, "माझ्या घराण्यात कुणी थेंबाला शिवलं न्हाई. ही दारात उभी राहून पिती, आन् पाजतोय बी मीच."

माई म्हणाल्या, "आवं, आजच दाखवून या की."

"आज? पितरपाट चालू हाय. काम काढायचं न्हाई. वारंटी दोन वर्सांची, दसऱ्यापातूर हाय, घट बसले की जातो."

पण तोवर पुरावा तरी हवा. पितरपाटात गाडीचं काम काढायचं नाही, आवाज भरून ठेवायला कुणाची ना नाही. म्हणून एका पहाटे त्यांनी मोबाईल बॉनेटात धरला आणि टकटक भरून घेतली. त्यात टकटक आहे, आमचा कोंबडा आहे, आणि मागून माईंचा आवाज आहे. "आवं, ऐकता का? बल्बाभवती रंगीत कडं दिसतंय वो मला. डोळ्याचं दाखवायचं का एकदा?" त्यावर आप्पांचा आवाज, "गप ना जरा! दसरा होऊ दे, दावू. हितं महत्त्वाचं चाललंय." मग पुन्हा कोंबडा.

हे आम्ही सगळ्यांनी कितीदा तरी ऐकलं. प्रत्येक वेळी कोंबड्याला हसलो.

घट बसल्यावर आप्पा शोरूमला गेले. साक्षीला मला आणि माईंना नेलं. मला का, तर मी फारशी कुणाशी बोलत नाही. आप्पा म्हणाले, "ही साक्षीला बरी. बोलतच न्हाई, म्हंजी खोटं बी बोलत न्हाई."

साहेबानं मोबाईल कानाला लावला. "काका, यात कोंबडा ओरडतोय."

"कोंबडा सोडा. त्येच्या खालचं ऐका."

"खाली कुणी बाई बोलतायत."

"ती आमची मंडळी. तिला बी सोडा. तिच्या खालचं ऐका!"

साहेबानं कागद बघितला आणि मान हलवली. वारंटी पितरपाटातच संपली होती. ती पावतीच्या दिवसापासून धरतात.

आप्पांनी कागद उलटा करून बघितला. मग म्हणाले, "साहेब, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय."

"मग संसार कवापास्नं मोजता? सुपारी फुटल्यापास्नं का अक्षता पडल्यापास्नं? माझ्या घरात गाडी दसऱ्याला आली. तवर ती तुमच्याच मांडवात हुती, मी हातबी लावला न्हाई!"

शोरूममधली सगळी माणसं हसली. साहेबही हसला. पण कागद हसला नाही. आप्पा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "मी श्रावणात सांगितलं हुतं. येळेत सांगितलं हुतं. तवा तुम्ही कान दिला असता, तर आज हे इंजिन वाचलं असतं."

तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. वेळेत सांगितलं होतं. कान दिला नाही. सकाळी दात घासतानासुद्धा ते हेच पुटपुटायचे.

दिवाळीनंतर एकदा माईंना घेऊन निघालेच. आक्का आजारी असल्याचा फोन होता. साक्षीला पुन्हा मी. माईंच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. पारगावच्या पुलापाशी गाडीनं धूर सोडला आणि गप्प झाली. मागं उसाच्या ट्रॉल्या खोळंबल्या. ट्रॅक्टरवाले उतरून आले. ही चालून आलेली साक्ष आप्पा कसे सोडणार? "ऐका," ते म्हणाले. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काय ऐकू मामा? बंद पडलीय ती." माईंनी आतून डबा बाहेर दिला. आक्कांची धपाटी पुलावर संपली. त्यातल्याच एका ट्रॅक्टरनं दोरी बांधून आम्हाला परत आणलं. घरी उतरताना माई म्हणाल्या, "आर्धं वरवंड तर झालं. ऱ्हायलं आर्धं."

मी एकदा हळूच म्हणाले, "आप्पा, माईंना मी सावकाश एसटीनं नेऊन आणते."

"गाडी दारात आसताना यष्टीनं? उद्या कंपनीवाले म्हणतील, ह्यांना गाडी लागतच न्हाई. आधी इंजिन. मग वरवंड."

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आप्पा दर सोमवारी शिरूरला. कांदा काढून झाला तरी त्यांचं भांडण मिटेना.

एका सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. माई चहा ओतत होत्या. चहा कपात न पडता कपाच्या शेजारी पडत होता, आणि तिथं आप्पांचा पाय होता. आप्पा उडाले, ओरडायला त्यांनी तोंडही उघडलं. मग माईंकडं बघितलं. माई हसत होत्या, अजून ओततच होत्या. आप्पांनी किटली त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या दिवशी बॉनेट उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला गेलो, डोळ्यांच्या डॉक्टरकडं. एसटीनंच. माईंना लागली. आप्पा त्यांच्यापुढं पिशवी धरून बसले होते.

डॉक्टर तरुण होते, मायेनं बोलत होते. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि विचारलं, "आजी, त्रास कधीपासून आहे?"

माई म्हणाल्या, "हे काय, आत्ताच. ह्याच म्हयन्यात."

आप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. ते उठले. खिशातून मोबाईल काढला, बोटानं जरा शोधलं आणि डॉक्टरांच्या पुढं धरला.

"ती खोटं बोलती, साहेब. ऐका."

टक, टक, टक. कोंबडा. "आवं, ऐकता का? बल्बाभवती रंगीत कडं दिसतंय वो मला." मग आप्पांचा आवाज.

मी खाली बघत होते. या वेळी कोंबड्याला कुणी हसलं नाही.

"मागल्या पितरपाटातलं हाय हे," आप्पा म्हणाले. "तिनं येळेत सांगितलं हुतं."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. जी आहे ती औषधानं राखायची. थेंब रोज घालायचे, चुकवायचे नाहीत.

मला वाटलं, आता आप्पा वारंटी विचारतील. पण त्यांनी थेंबाची बाटली घेतली, रुमालात गुंडाळली आणि आतल्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर माई म्हणाल्या, "आवं, कशाला त्यो फोन लावला तिथं? लोकांपुढं." आप्पा म्हणाले, "चपला हिकडं हायत. पाय पुढं कर." आणि खाली बसून त्यांनी माईंच्या पायात चपला घातल्या.

तेव्हापासून थेंब आप्पाच घालतात. आधी स्वतःच्या मनगटावर एक थेंब टाकून बघतात. का, ते त्यांनाच माहीत.

मग या वर्षीचा पितरपाट लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आप्पा गाडी पुसतायत. मागच्या बाजूला ऑईलचे डबे, पाण्याची कॅन, एक दोरीसुद्धा. माई नवं लुगडं नेसून पुढं बसलेल्या. मांडीवर धपाट्यांचा डबा.

रस्त्यानं जाणारे एक पाहुणे थांबले. "आप्पा, पितरपाटात कुठं निघाला? आन् ह्या गाडीनं?"

"वरवंडला. हिला आक्काचं त्वांड बघायचंय."

"पितरपाट सरू द्या की!"

"पितरं माझीच हायत," आप्पा म्हणाले. "समजून घेतील."

मी मागं बसले. साक्षीला नाही, डबे धरायला. आप्पा बैलगाडीच्या चालीनं चालले होते. धूर येत होता, टकटक येत होती, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. पारगावच्या पुलापाशी गाडीनं एक टक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि बंद पडली. आप्पांनी ती कडेला घेतली. खाली भीमा भरून वाहत होती.

माईंनी थोडी वाट बघितली. मग म्हणाल्या, "आवं, बॉनेट न्हाई का उघडायचं?"

"गार हू दे तिला. आपण पोचणार हाय आज. तू बोल."

"मी? मी काय बोलू?"

"काय बी. आक्काचं सांग. ल्हानपणीचं."

माई हसल्या. मग सांगू लागल्या. दोघी बहिणी हरभऱ्याच्या रानात ढाळं उपटून खायच्या, रखवालदार आला की आक्का पळून जायची आणि माई सापडायच्या. तसं साधंच होतं. मागून गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते. आप्पा स्टिअरिंगवरचे हात काढून माईंकडं वळून बसले होते. मान तिरकी, डोळे मिटलेले.