नानाजीभाऊंचा नितळ शिरका

आमच्या गावात सकाळी तलावाच्या रस्त्यानं जायचं तर वाचता यायला हवं. वाटेवर नानाजीभाऊ उभे असतात. हातात काचेची बाटली, बाटलीच्या मागे चिकटवून धरलेला कालचा पेपर.

"वाचा बरं बाई, यातून."

मी इथल्या उपकेंद्रात नर्स. बदली होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला असं अडवलं, तेव्हा वाटलं म्हातारा माझेच डोळे तपासतोय. मी मुकाट्यानं वाचलं, "ब्रह्मपुरीत धानाची आवक वाढली." त्यांचा चेहरा असा फुलला, जणू धान त्यांचंच होतं.

बाटलीत बोराचा शिरका होता, घरी केलेलं व्हिनेगर. नानाजीभाऊ जातीचे मासेमार, पण हिवाळ्यात जाळं बाजूला ठेवून ते रानातली बोरं गोळा करतात. बोरं, गूळ आणि पाणी मडक्यात घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि आंबू द्यायचं. मधे पंधरा दिवस मडक्याला असा वास येतो की जाणारा माणूस थबकतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "दारूच्या गावावरून जाते बाई, पण मुक्काम करत नाई."

पहिल्या वर्षी शिरका उतरला तो गढूळ. बाजारात एका गिऱ्हाइकानं बाटली हलवून विचारलं, "तलावाचं पाणी भरलं का भाऊ?" ते वाक्य नानाजीभाऊंना झोंबलं. त्यांनी शिरका बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, नव्या लुगड्यातून गाळला. शिरका तसाच राहिला, लुगडं मात्र बाद झालं. तुरटी फिरवली, तर चव गेली. शेवटी त्यांना आजोबा आठवले. रोहूच्या पोटात पांढरा फुगा असतो, तो शिजवून आजोबा खळ करायचे. "ज्याले चिकटता येते त्याले धरता येते," नानाजीभाऊंनी हिशेब मांडला. "गाळ काऊन नाई धरणार?"

फुगे दोरीवर वाळले. मग त्यांचे बारीक तुकडे जुन्या शिरक्यात भिजत पडले. चार दिवसांनी त्याची खीर झाली. उपकेंद्रातून बिनसुईची सिरिंज नेऊन त्यांनी ती खीर मोजून शिरक्याच्या बरणीत सोडली आणि घरात जोरानं चालायला बंदी केली. आठवड्यानं गाळ तळाशी बसला आणि वर मधासारखा नितळ शिरका राहिला. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते, 'याले माशाचा हात लागला आहे.' शाकाहारी गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, म्हणतात. फसून जायला नको.

शिरक्याचं श्रेय मात्र ते कुणाला देत नसत. काकींनी एकदा "आमचा शिरका" म्हटलं, तर लगेच म्हणाले, "आमचा नाई. माहा."

म्हणून यंदाच्या गोष्टीचं मला नवल वाटलं. ब्रह्मपुरीला बचत गटांचं प्रदर्शन होतं. नानाजीभाऊंची सून वनिता आमच्या गटात होती, पण नावापुरती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून ती चार माणसांत बसत नव्हती, विचारल्याशिवाय बोलत नव्हती. नानाजीभाऊंनी तीस बाटल्या तिच्या नावानं गटाकडे दिल्या.

"मामाजी, मले नाई जमत. तुमीच चला," ती म्हणाली.

"माहा गुडघा दुखून राह्यला. तू जा."

वनिता गटातल्या बायांबरोबर गेली. अर्ध्या तासानं पुढच्या जीपला मी चढले, तर नानाजीभाऊ आधीच आत बसलेले. मी गुडघ्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

प्रदर्शनात आम्ही वनिताच्या समोरच्या पापडांच्या टेबलामागे उभे राहिलो. एका बाईनं बाटली उजेडात धरली. "किती नितळ आहे. विकत आणून भरला का?"

नानाजीभाऊंची मान ताठ झाली. मला वाटलं, आता हे धावणार. ते हलले नाहीत.

वनिता खाली पाहत होती. मग ती म्हणाली, "नाई बाई, घरचाच हाये." ती बाई थांबली, आणखी दोघी आल्या. वनिता बोरांपासून सांगायला लागली. आवाज हळूहळू मोठा झाला. मधेच कुणाच्या तरी प्रश्नावर ती चक्क हसली. "मासोळीचा फुगा एक रात भिजवला की झालं," ती म्हणाली.

एक रात्र. चार दिवसांचे तीन म्हटले तरी नानाजीभाऊ माणसाला अंगणातून उठवतात. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "भाऊ, ती चुकीचं सांगतेय."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. डोळे तिच्यावरच होते.

"सांगू द्या बाई," ते म्हणाले. "बोलून राह्यली ना."