ढोकेभाऊंच्या रेघा

आमच्या विजयध्वज बेसबॉल मंडळात जो बंट करून स्वतः बाद होतो तो बोटभर बुटका होतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या बेसवर पोचलेला गडी बोटभर उंच होतो.

बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायाशी टाकायचा. आपण मरायचं, बेसवरच्याला पुढे सरकवायचं. मंडळ गावातलं सर्वांत जुनं असल्यामुळे या त्यागाची आकडेवारी खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघांनी ठेवतात. सगळ्यांच्या रेघा वर चढत गेल्या आहेत, वासुदेव ढोकेंच्या तेवढ्या खाली. ढोकेभाऊ आता माझ्या गुडघ्याला लागतात. त्यांच्यासाठी दाराला खाली वेगळी कडी बसवली आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या सभेत त्यांना स्टुलावर उभं करून शाल द्यायचं ठरलं. मी उठलो.

"शाल नको. त्यांची उंची परत द्या."

"घ्या! पोरगं कॉलेज शिकून आलं," कप्तान इंगोले म्हणाले. "कशी द्याची बे? कापून?"

"भाऊंना बेसवर पाठवा. मग त्यांच्यासाठी आपण बंट करू."

"पण ते बेसवर जातीन कसे?" इंगोलेंनी विचारलं. "बॅट तरी उचलते का त्याहिच्यानं?"

"बॅट कायले लागते?" स्टुलावरून ढोकेभाऊ म्हणाले. "मी नुसता उभा राहतो. पिचरले माह्या मापाचा चेंडू टाकता येते का, इचारा."

हे बरोबर होतं. चेंडू फलंदाजाच्या छाती-गुडघ्यांच्या मधून जावा लागतो, आणि भाऊंच्या छाती-गुडघ्यांमध्ये चेंडूच मावत नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला. फलंदाजीचा क्रम मी लिहिला: ढोके, नितनवरे, इंगोले, मग मी. ज्येष्ठांना आधी मान दिला.

सामन्याला भाऊ पिशवी घेऊन आले. पिशवीत त्यांची जुनी लांब पँट होती. वहिनींनी इस्त्री करून दिली होती.

पिचरचे चारही चेंडू भाऊंच्या डोक्यावरून गेले. असे चार चेंडू चुकले की पहिला बेस फुकट मिळतो; भाऊ चालत तिथे जाऊन उभे राहिले. नितनवरेंना बंटची खूण झाली. त्यांनी बॅट पूर्ण फिरवली आणि झेल दिला. "सवय नाही ना भाऊ," ते परत येताना म्हणाले. इंगोलेंना खूण कोण करणार? ती तेच करतात. त्यांनी तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत, आणि तेही बाद झाले.

दोन गडी बाद असताना बंट केला तर तो त्याग धरत नाहीत. तिसरा बाद होतो, डाव संपतो, कोणाची उंची हलत नाही. क्रम लिहिताना हा नियम मला पाठ होता. मी बॅट घेतली तेव्हा मला हायसं वाटलं.

"मार बाप्पा, जोरात मार!" पहिल्या बेसवरून भाऊ ओरडले.

मी जोरात मारला. झेलबाद झालो. सामना आम्ही हरलो.

संध्याकाळी भाऊंना चौकटीपाशी उभं करून मोजलं. रेघ होती तिथेच होती.

"पुढच्या मॅचले पाहू," इंगोले म्हणाले.

सामान आत ठेवायचं होतं. भाऊंनी पिशवी खांद्याला अडकवली, खालची कडी काढली आणि दार पाठीने लोटून धरलं.

"या," ते म्हणाले. "डोकं सांभाळा."

आम्ही एकेक जण वाकून आत गेलो.