सह्यांची सोनेरी सकाळ

या, टाळ खाली ठेवा आणि जरा जवळ सरका. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत यंदाच्या प्रजासत्ताक दिनी काय घडलं, ते सांगतो. लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं!

कीर्तन ऐकण्यात माझी उभी हयात गेली. म्हणून मीच चेअरमन सहादूअण्णांना म्हटलं, "झेंडावंदनानंतर राज्यघटनेवर कीर्तन करतो! असं रंगवतो की बघाच!"

"रंगलं, तर देवळातल्या सप्ताहात एक दिवस तुमचा," अण्णा म्हणाले.

मग काय! आख्यान रचलं. सव्वीस जानेवारीची पहाट, घटना समितीचे सभासद आंघोळी करून रांगेत, एकच टाक, शेवटची सही झाली आणि झेंडा सर्रकन वर! मागे फ्लेक्सही लावला: ‘आजच्याच दिवशी झाल्या सह्या!’

पूर्वरंग झकास झाला. मध्यंतरात कपाळी बुक्का लागला. हार घालायला सूनबाई हर्षाली आली आणि कानाशी कुजबुजली, "बाबा, फ्लेक्स चुकलाय! सभासदांच्या सह्या चोवीसला झाल्या. सव्वीसला घटना लागू झाली."

"मग ते नोव्हेंबरचं काय होतं?"

"तेव्हा मंजूर झाली. आणि एकच टाक कुठं वाचलंत?"

वाचतोय कुठला? ते मला स्फुरलं होतं!

उत्तररंगाला उभा राहिलो. "मंडळी, ती पहाट कुठली?" पाठांतराच्या भरात मीच विचारून बसलो! खोटं बोलावं तर देवाचं नाव घेऊन उभा. खरं बोलावं तर पाठीमागे फ्लेक्स! अडकलं की बुवा नामाचा गजर करतात. मीही केला, "विठ्ठल विठ्ठल!"

गजर संपला. तारीख पुन्हा पुढ्यात! पुन्हा गजर! पखवाजवाला गोटीराम घामानं निथळला. "बुवा, हात गेले की ओ!"

पण थांबलो तर सप्ताह गेला! मी डोळे मिटून नाचू लागलो.

"समाधी लागली!" पुढच्या रांगेतल्या लताबाई किंचाळल्या. बायका पाया पडायला धावल्या.

"समाधी कसली? साखर उतरलीय!" असं म्हणत कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. अण्णा तर ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागले!

"थांबा!" मी पेढ्यासकट ओरडलो. "मला काही झालं नाही! सह्या चोवीसला झाल्या!"

अण्णांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आपण दोन दिवस उशिरा जमलो?"

सप्ताहात माझं नाव लागलंय हो. टाळकऱ्यांत, मागच्या रांगेत!

गोटीरामचे तळवे मात्र अजून पुरीसारखे टम्म आहेत. दर्शनाला जाल तेव्हा त्याची आठवण ठेवा, त्या हातांसाठी देवाला दोन शब्द सांगा. फक्त ते कुणामुळं सुजले, तेवढं तिथं बोलू नका!