इंदूमावशींची राणी

गिरगावातल्या आमच्या चाळीत देवांना आंघोळ सगळेच घालत. समोरच्या खोलीतल्या इंदूमावशी इंग्लंडच्या राणीलाही घालत.

राणी सोन्याच्या गिनीवर होती. तिच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा काढलेली गिनी. डोक्यावर पदर आणि पदरावर इवलासा मुकुट, मान हलली तर पडेल असा. लग्नात यजमानांनी ती मावशींना दिली होती. वर्षभरात यजमान गेले. गिनी देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी राहिली.

अन्नपूर्णेला हळदकुंकू, राणीला नुसती हळद. "विधवा बाई ती. मी विचारून घेतलंय," मावशी सांगत. विचारलं होतं मला. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणजे राण्यांची खडान्‌खडा माहिती मला असणारच, असं त्यांनी धरलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात मावशी सगळ्यांत पुढे. घसा बसवून परतल्या की खालचे दामले हटकत, "काय हो मावशी, सकाळी राणीची पूजा आणि दुपारी मुंबईसाठी घोषणा?"

"पूजा कसली? तगादा लावते तिच्याकडे!"

हे माझ्यामुळे झालं होतं. मुंबई इंग्रजांच्या राजाला लग्नात हुंडा म्हणून मिळाली, हे मी एकदा त्यांना सांगून बसले. तेव्हापासून रोज आंघोळ घालताना, "बाईसाहेब, तुमच्या सासरच्यांनी हुंड्यात घेतलेलं गाव आमचं आहे. बघा काहीतरी." तो राजा फार आधीचा, हे सांगायचं मला धैर्य झालं नाही.

शेवटी महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. त्या दिवशी बायकांनी गॅलरीत हळदीकुंकू मांडलं. नारळाच्या वड्या मावशींनी पहाटे उठून केल्या, ताट दारातून बाहेर दिलं आणि आत गेल्या. हळदीकुंकवाला त्यांना 'येऊ नका' असं कुणी म्हणत नसे. 'या' असंही म्हणत नसे.

रिकामं ताट द्यायला मी आत गेले. देव्हाऱ्यात राणीच्या कपाळावर कुंकवाचा ठिपका.

"मावशी, राणीला कुंकू?"

"मग? गाव सुटलं. सणाच्या दिवशी तिनं एकटीनंच कोरडं बसायचं होय?"

त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळंच होतं. बोट तेवढं लाल होतं. मावशी ते पदराला पुसणार, इतक्यात मी कपाळ पुढे केलं.

"अगं, दार उघडं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"असू दे."

दाराकडे बघत बघत त्यांनी बोट टेकवलं, म्हणून कुंकू जरा वाकडं लागलं. मी ते तसंच घेऊन गॅलरीत गेले.