सोहनींचे एकशे एक्कावन्न मजले

प्रिय नील आणि ईरा,

नील, तुला कॉलेजात उभ्या शहराचा आराखडा काढायला दिला आहे, असे तुझी आई फोनवर म्हणाली. एकाच इमारतीत घरे, बाजार, शाळा, दवाखाना आणि मधूनमधून बागा. तुमच्या प्राध्यापकांना ही कल्पना नवी वाटत असेल, तर वाटू दे. इथे डोंबिवलीत, माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या सोहनींनी सगळे गाव एकशे एक्कावन्न मजल्यांत उभे करून ठेवले होते. तुझे चित्र पुरे होण्याआधी त्यांची हकीकत तुला ठाऊक असावी, म्हणून आजीचे हे पत्र. ईरा, तूही वाच. बहात्तराव्या मजल्यावर सोहनींनी तुझ्या नावाची खोली काढून ठेवली आहे.

सोहनी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षे त्यांनी बॉयलर काढले. त्यामुळे त्यांचा मनोराही बॉयलरसारखाच दिसे. पोटाशी फुगलेला, वर निमुळता, आणि कुठल्याही क्षणी वाफ सोडील असा. स्वयंपाकघराच्या गॅलरीत त्यांचा बोर्ड होता. आत बायको पोळ्या लाटत असे आणि बाहेर हे मजले चढवत असत.

"वहिनी, जमीन संपली," ते मला जिन्यात गाठून सांगत. "आता माणसाने आडवे पसरणे हा गुन्हा आहे." हे सांगताना ते स्वतः जिना अडवून उभे असत.

त्यांच्या मनोऱ्यात फडके रोड नवव्या मजल्यावर होता, दिवाळीच्या सकाळच्या गर्दीसकट. शेअर रिक्षांचा स्टँड एकविसाव्यावर. तिथेही तिघांच्या जागी चौघे बसणार होते, कारण माणसाचा स्वभाव बदलणे हे ड्राफ्ट्समनचे काम नव्हे. दर तीस मजल्यांनी लिफ्ट बदलायची. पहिल्या बदलाचे नाव दिवा जंक्शन. स्मशान सर्वांत वर. "तेवढाच पुढचा प्रवास कमी," असे त्यांचे म्हणणे. इतकी उंच इमारत वाऱ्याने डोलू नये म्हणून माथ्यावर पाण्याची अवजड टाकी ठेवलेली होती. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाणी बंद असते, त्या दिवशी वाऱ्याने काय करावे, असे मी विचारले.

"ते अजून संकल्पनेच्या पातळीवर आहे," सोहनी म्हणाले.

हे त्यांचे ब्रह्मवाक्य. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे त्यांना छळत. "काका, आपल्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाय, तुम्ही दीडशेव्यावर कसं चढवणार?"

"म्हात्रे, ते अजून संकल्पनेच्या पातळीवर आहे."

"आणि मेंटेनन्स?"

"तोही."

"तो तर आपला आत्तापण तिथंच आहे!" म्हात्रे म्हणत.

मला मात्र त्यांचा राग येई. त्याचे कारण त्यांची बायको कुमुद. आमच्या इमारतीला तीन मजले, आणि लिफ्ट नाही. कुमुदचे गुडघे गेले, मग कंबर गेली, आणि चार वर्षांत ती एकदाही खाली उतरली नव्हती. पूर्वी रोज पाच वाजता ती भाजीला निघे. त्यात भाजीवाल्याशी भांडायला अर्धा तास राखलेला असे. आता भाजी फोनवरून येई. "फोनवर भांडण रंगत नाही गं," ती म्हणे. मी एकदा सोहनींना सुनावलेच. "भाऊजी, बायकोला खाली न्यायची सोय नाही, आणि तुम्ही मजले वर चढवताय." त्यांनी पेन्सिलीला टोक काढले.

मग सोसायटीने लिफ्ट बसवायचे ठरवले. सभेत कंत्राटदाराने समजावले: लिफ्ट इमारतीच्या बाहेरून, जिन्याला लागून उभी राहील आणि दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबेल. तिथून घरापर्यंत नऊ पायऱ्या उरतील.

सोहनी उभे राहिले. "नऊ पायऱ्या कोण चढणार?"

"काका, आम्ही बघून आलेलो ना," म्हात्रे म्हणाले. "ठाकुर्लीला, कोपरला, सगळ्या जुन्या बिल्डिंगींना अशीच लावतात. अहो, दीडशे मजले बांधायला निघालात आणि नऊ पायऱ्यांना घाबरता?"

सभा हसली. मीही हसले, हे लिहून ठेवते. सोहनींनी या वेळी ब्रह्मवाक्य काढले नाही. ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ओशाळून मी त्यांच्याकडे गेले. बोर्डावर मनोरा पसरलेला होता. इतक्या वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता. प्रत्येक मजल्यावर बारीक चौकोन होते. बाजारात, देवळात, रिक्षा स्टँडवर, अगदी स्मशानातही.

"हे काय, खांब?"

"बाक," सोहनी म्हणाले.

"इतके?"

उत्तर कुमुदने दिले, पोळी उलटता उलटता. "मला सपाटीवर चाळीस पावलं जमतात. मग बसावं लागतं. रोज हॉलमध्ये चालवून मोजतात हे. एकदा अडतीसच भरली, तर पूर्ण मजला खोडला यांनी."

मी पुन्हा कागद पाहिला. "भाऊजी, यात जिना कुठे आहे?"

"नाही काढला."

"एकशे एक्कावन्न मजल्यांत एकही नाही? आग लागली तर?"

"ते अजून..." सोहनी म्हणाले, आणि थांबले.

आठवड्याने ते म्हात्र्यांकडे एक लहानसा कागद घेऊन गेले. त्यात मजले तीनच होते. खालच्यांसाठी लिफ्ट वळणावरच थांबणार होती. पण शेवटच्या वळणावरून ती अर्धा मजला आणखी चढणार, आणि तिचे बाजूचे दार सोहनींच्या गॅलरीत उघडणार. तिसऱ्या मजल्यावरच्या आम्हा सगळ्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरातून जा-ये करायची.

म्हात्र्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "काका, लोक येणार-जाणार तुमच्या घरातनं. चपला घालून!"

"मिश्र वापर," सोहनी म्हणाले. "आधुनिक आहे ते."

कंत्राटदाराला मापांत एका सुताचीही चूक सापडली नाही. गॅलरीतला बोर्ड निघाला, आणि मनोऱ्याचे काम तिथेच थांबले. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी पाच वाजता कुमुद नवी साडी नेसून तिच्यात बसली. मी बरोबर होते. सोहनी जिन्याने उतरले. कंत्राटदाराच्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ते धापा टाकत दाराशी उभे होते. कुमुदने त्यांच्याकडे पाहिले, हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि भाजीवाल्याच्या दिशेने निघाली. सोहनी मागून पुटपुटत होते. मला वाटले, काहीतरी म्हणताहेत. ते पावले मोजत होते.

सोहनी दोन वर्षांपूर्वी गेले. मनोऱ्याची गुंडाळी माझ्या कपाटावर आहे. नील, हवी असेल तर कळव. मी आजही लिफ्टमधून कुमुदच्या गॅलरीत उतरते. ती ओट्याशी असते. "थांब गं, आमटीत मीठ बघ," म्हणते, आणि मी हातातले सामान खाली ठेवून बसते. कुरियरवालाही चहा घेऊनच जातो. आमच्या मजल्यावरची वाट अजून तिच्याच स्वयंपाकघरातून जाते.